११८ दिवस, चार देश आणि चार रकान्यांची वही: वापरानंतरचा अनुभव

वही साधीच आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली. हिंगणघाटच्या बाजारातून घेतली होती. आता तिचे कोपरे झिजलेत, मधली आठ-दहा पानं लाओसच्या पावसात भिजून फुगलीत आणि एका पानावर सोया सॉसचा डाग आहे. पण पाठीवर पिशवी टाकून चार महिने परदेशात राहायचं तर रोजचा खर्च कसा धरायचा, याचं उत्तर मला ज्या-ज्या साधनांत मिळालं त्यात ही वही पहिली. म्हणून हा अनुभव तिचा.

मी जिनिंगमध्ये हिशोब लिहिते. दिवाळीच्या मागेपुढे कापूस यायला लागतो, एप्रिल सरता सरता गठाणी निघून जातात आणि मग ऑफिसात पंखा आणि धूळ एवढंच उरतं. त्या रिकाम्या काळात, मे २०२४ ते ऑगस्ट २०२४, मी थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया फिरले. एकटीच. वर्ध्याहून हावड्याची गाडी, कोलकात्याहून बँकॉकचं विमान. आईची अट एकच होती, पोळ्याच्या आत घरी.

बाबांनी मात्र कुठं चालली, कोणासोबत चालली, हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "दिवसाचे किती?" आमच्या घरी सगळं दिवसावर मोजतात. मी दोन हजार सांगितले. बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दोन हजारात निंदणाच्या सात-आठ बाया येतात वं."

दोन हजारांचा हा आकडा मी ठिकठिकाणचं वाचून काढला होता आणि तो मोबाइलमधल्या एका खर्चाच्या अ‍ॅपात भरला होता. दिवसाला मर्यादा २,०००, ओलांडली की लाल. बारा दिवस वापरलं. दिसायला छान, रंगीत चकत्या काढून दाखवतं. पण नेट नसलं की चलनाचा दर जुनाच धरतं, आणि खरी अडचण वेगळी होती. बँकॉकमधल्या राजवाड्याचं तिकीट ५०० बाट, तेव्हाच्या दराने साडेअकराशे रुपये. त्याच दिवशी नदीपलीकडचं 'वाट अरुण' हे देऊळ, अजून २०० बाट. खोली आणि जेवण धरून दिवस साडेतीन हजारांवर गेला आणि स्क्रीन लाल झाली. दुसऱ्या दिवशी मी ते भरून काढायला निघाले. दुकानातला पाव खाल्ला, बस सोडून उन्हात सहा-सात किलोमीटर चालले. मे महिन्यातलं बँकॉकचं ऊन आपल्यासारखं कोरडं नसतं, चिकट असतं. संध्याकाळी ताप. मग दीड दिवस खोलीत ओआरएस पीत पडून राहिले, खोलीचं भाडं चालूच. वाचवलेले चारशे आणि गेलेले हजार-बाराशे. रोजची मर्यादा घालून चालणाऱ्या कुठल्याही पद्धतीचा हा पहिला दोष मी अंगावर काढला.

त्यानंतर वही काढली आणि बाबांच्या खरिपाच्या वहीसारखे रकाने आखले. बाबा बियाणं, खत, नांगरटी एका बाजूला लिहितात आणि निंदण-डवरणाची मजुरी दुसऱ्या बाजूला. बियाण्याचे पैसे कोणी दिवसावर वाटत नाही. मी चार रकाने केले: पेरणी, रोजचं, मोठं आणि घट.

पेरणीत निघायच्या आधीचं आणि टाळता न येणारं: विमान, विमा, पाठीवरची पिशवी, बूट, व्हिसे. थायलंडला तेव्हा भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येत होतं (जुलैच्या मध्यापासून ते ६० झाले, परतताना मला त्याचा उपयोग झाला). व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरला, ९० दिवसांपर्यंतचा. त्याच्या अर्जात कुठल्या नाक्यावरून आत येणार ते लिहावं लागतं, ते नीट ठरवून लिहा. कंबोडियाला ३० डॉलर, लाओसला मी सीमेवर ४० दिले. सगळं मिळून पेरणी ४०,६५० रुपये.

रोजचं म्हणजे खोली, खाणं, गावातल्या गावात फिरणं, धुणं, मोबाइलचं सिम. मोठं म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाची लांबची गाडी आणि मोठी तिकिटं.

आणि घट. हा शब्द जिनिंगचा. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते. उरलेले किलो-दोन किलो कुठं गेले, तर धूळ, ओल, कचरा. ती घट. ती लिहिली नाही तर ताळा जुळतच नाही. प्रवासातली घट म्हणजे एटीएमचा आकार, नोटा बदलताना गेलेले, हरवलेले, फसलेले.

या रकान्यानेच माझे सर्वांत जास्त पैसे वाचवले. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाट कापत होतं. मी भीत भीत तीन-तीन हजार बाट काढायची. चार वेळा काढले, ८८० बाट गेले, म्हणजे दोन हजार रुपये, म्हणजे एक अख्खा दिवस. तीन हजारांवर २२० म्हणजे सात टक्क्यांच्या वर, दहा हजारांवर तेच २२० म्हणजे सव्वादोन टक्के. शिवाय माझ्या बँकेचे साडेतीन टक्के वेगळे. हे सगळं मला माहीत होतं, पण घटीच्या रकान्यात चार ओळी एकाखाली एक दिसेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. तिथून पुढे थोड्या वेळा आणि जास्त काढले. मशीन 'रुपयांत बदलून देऊ का' असं विचारतं तेव्हा नाही म्हणायचं, स्थानिक चलनातच घ्यायचं. हो म्हटलं की मशीनवाला त्याच्या मर्जीचा दर लावतो. मी एकदा हो म्हटलंय.

दुसरा बदल, हिशोब रोजचा बंद करून आठवड्याचा केला. आमच्या गावचा बाजार शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी रात्री बेरीज. आठवड्याचे चौदा हजार धरले आणि त्यात एखादा दिवस तीन हजारांचा गेला तरी कोणी लाल होत नाही. लिहायचं मात्र रोज, झोपायच्या आधी. दोन दिवस राहिलं की तिसऱ्या दिवशी आठवत नाही. लाओसमध्ये माझे तीन दिवस असे कोरे आहेत, तिथं मी अंदाजाने आकडा टाकलाय आणि तो खोटा आहे हे मलाच दिसतं.

आता जे कळायला सर्वांत वेळ लागला ते. कुठला देश स्वस्त, हे सगळे विचारतात. माझ्या वहीत थायलंडचे पहिले आठ दिवस सरासरी २,६४० रुपये आहेत आणि त्याच थायलंडचे पुढचे वीस दिवस १,७१६. देश तोच. फरक एवढाच की पहिल्या आठ दिवसांत मी बँकॉक, अयुथया, सुखोथाई, चियांग माई अशी चार गावं पळाले. नव्या गावात पहिला दिवस महागच जातो. स्टँडवरून खोलीपर्यंतची रिक्षा महाग, पहिलं जेवण समोर दिसेल तिथं, पाण्याची बाटली दुप्पट. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची खानावळ सापडते, पाचव्या दिवशी खानावळवाली न विचारता ताट वाढते. व्हिएतनाममध्ये निन्ह बिन्हजवळ मी नऊ रात्री राहिले. चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्यामध्ये भाताची बांधी. बायकांच्या सामायिक खोलीतली कॉट दीड लाख डोंगला, म्हणजे ४९० रुपये, सायकल ४० हजार डोंगला. त्या नऊ दिवसांची सरासरी १,२९०. नंतर होई आनमध्येही तसंच, अकरा रात्री. व्हिएतनामचे एकूण ४७ दिवस १,५६० नी गेले. व्हिएतनाम स्वस्त आहे हे खरंच, पण मी तिथं बसून राहिले हे जास्त खरं.

रात्रीच्या झोपायच्या बसने एका रात्रीचं भाडं वाचतं, असा सल्ला सगळे देतात. वाचतं, चार-पाचशे रुपये. पण बस पहाटे चारला अनोळखी ठिकाणी उतरवते आणि एकट्या बाईला तिथून रिक्षाच करावी लागते, आणि पुढचा दिवस झोपण्यात जातो. मी तीनदा केलं, नंतर दिवसाच्या गाड्याच घेतल्या. हा खर्च पुरुषांच्या हिशोबात नसतो, माझ्या वहीत तो आहे. लाओसमध्ये लुआंग प्रबांगहून व्हिएन्टियानला २०२१ मध्ये सुरू झालेली रेल्वे दोन तासांच्या आत नेते, डोंगरातल्या रस्त्याने त्यालाच अख्खा दिवस लागतो. तिकीट बसपेक्षा महाग, तरी परवडलं. उलट कंबोडियाच्या सीमेवरून बँकॉकला येणारी तिसऱ्या वर्गाची पॅसेंजर ४९ बाटला होती, लाकडी खिडक्या, वारा, आपल्या जुन्या पॅसेंजरची आठवण.

खाण्याचं सांगते, कारण मी मटण-मच्छी खात नाही आणि घरच्यांना चिंता तीच होती. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला जो शब्द आहे तो ऐकायला जवळजवळ 'चाय' असा येतो. पहिल्यांदा पाटी वाचून दाखवणाऱ्या पोरीला मी चहा नको म्हटलं. तिथं बरीच बौद्ध माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमाच. त्या दिवशी फुटपाथवर जास्तीच्या चुली लागतात आणि भात, टोफू, दोन भाज्यांचं ताट ३५ हजार डोंगला मिळतं, ११५ रुपये. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षर शोधायचं आणि 'जे', म्हणजे शाकाहारी, म्हणायचं. पंधरा दिवसांनंतर भाकर-ठेच्यावाचून जीव कासावीस होतो, त्याला औषध नाही. मी तिखटाची पुडी नेली होती, ती विसाव्या दिवशी संपली.

चलनाची डोकेदुखी वहीने सुटत नाही, ती तोंडी हिशोबानेच सुटते. तेव्हा एका रुपयाला तीनशेच्या वर डोंग मिळत. शेवटची तीन शून्यं झाकायची आणि ३.३ ने गुणायचं: ५० हजार म्हणजे १६५ रुपये. लाओसच्या किपला तसंच, पण चारने. कंबोडियात त्रास उलटा. तिथं डॉलर चालतो, सुटे मात्र रिएलमध्ये देतात, साधारण चार हजारांना एक डॉलर. डॉलरमध्ये सगळंच बारीक दिसतं. कॉफी दीड, नारळ एक, रिक्षा दोन. जीभ सहज 'फक्त दोन' म्हणते आणि १६७ रुपये जातात. कंबोडियाचे २४ दिवस म्हणूनच १,७२० नी गेले. फाटका किंवा मळका डॉलर तिथं कोणी घेत नाही, नागपूरहून घेतानाच नोटा पाहून घ्या. अंगकोरच्या जुन्या देवळांचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलर, एका दिवसाचा ३७. मी तीन दिवसांचा घेतला, मोठ्याच्या रकान्यात टाकला आणि निवांत पाहिलं. रोजच्या रकान्यात असता तर एकाच दिवसात आटोपलं असतं.

शेवटची बेरीज अशी: पेरणी ४०,६५०, रोजचं २,०५,०००, मोठं ३०,५००, घट ७,९००. एकूण २,८४,०५०. आता गंमत बघा. कोणी विचारलं रोजचे किती लागले, तर मी १,७३७ सांगू शकते आणि ते खोटं नाही. पण सगळं धरून भागलं तर २,४०७ येतात. लोक फुशारकीने सांगतात तो आकडा बहुतेक वेळा पहिला असतो. तुम्ही घरून निघताना दुसरा धरा. आणि घट पावणेतीन टक्क्यांच्या वर गेली. आमच्या जिनिंगमध्ये एवढी घट आली तर शेठ मला उभं करून विचारतील.

वहीला पाचात चार. एक गुण कापला कारण ती हरवली तर सगळं गेलं. मी दर शुक्रवारी पानाचा फोटो काढून भावाला पाठवायची. तो उघडून बघायचाही नाही, पण त्याच्याकडे होता. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी अ‍ॅपच वापरावं, फक्त त्यातली रोजची मर्यादा बंद करून टाकावी.

एक चूक माझी आहे आणि ती अजून निस्तरतेय. व्हिएतनामची २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळीच, दोन्ही प्लास्टिकच्या. दिव्याच्या उजेडात मी वीस हजार समजून कोणाला तरी पाच लाखांची दिली. कळलं रात्री, बेरीज जुळेना तेव्हा. घटीत लिहून टाकलं: 'गहाळ ४,८०,०००'. आणि त्या पानावर रुपयांत लिहायचं राहून गेलं.

पोळ्याच्या पाच दिवस आधी घरी आले. बैलांच्या झुली उन्हात वाळत होत्या. बाबा ओसरीत बसून चष्मा लावून वही पानापानाने वाचत होते, मधेच मान हलवत होते. अचानक उठून उभे राहिले आणि आईला हाक मारली, "ऐकलं का वं? पोरीनं पावणेपाच लाख हरवले म्हणते!"

"बाबा, डोंग हायेत ते. रुपये नाही."

"म्हंजे किती?"

"पंधराशे चौऱ्याहत्तर."

बाबा खाली बसले. बोट त्या ओळीवरच होतं. "मंग पाच-सहा बाया गेल्या," ते म्हणाले आणि पान उलटलं.