मजकूर आणि स्वरलिपी एकाच पुस्तकात : लिलीपाँडचे परीक्षण

व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मराठी विवेचन, भातखंडे स्वरलिपी (सा, रे, ग ही अक्षरे व चिन्हांनी संगीत लिहिण्याची पद्धत) आणि पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचे स्वरलेखन) शेजारी शेजारी येईल असे डिजिटल पुस्तक तयार करायचे होते, तेव्हा मी लिलीपाँड ही मुक्त आणि विनामूल्य संगणकप्रणाली निवडली. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ मध्ये तिचे काम सुरू केले. तिच्यात माउसने स्वर ठेवायचे नसतात, तर साध्या अक्षरांत लिहायचे असतात, आणि रेखाटन प्रणाली स्वतः करते. पहिले काही दिवस हे कंटाळवाणे वाटते. पण छापील पुस्तकांतल्या जुन्या कोरीव नोटेशनची आठवण करून देणारी ओळ पडद्यावर उमटली की तो कंटाळा वसूल होतो.

पुस्तकासाठी खरी उपयोगाची आहे ती सोबत मिळणारी ‘लिलीपाँड-बुक’ ही सोय. लाटेक (पुस्तकाची पाने जुळवणारी प्रणाली) किंवा एचटीएमएलच्या (वेबपानांची भाषा) मजकुरातच स्वर लिहून ठेवले, की ही सोय त्यांचे नोटेशन करून जागच्या जागी बसवते, आणि पुढच्या वेळी फक्त बदललेले तुकडेच नव्याने तयार करते. ओळीची रुंदी कळावी म्हणून ती मधेच लाटेक चालवून पाहते. देवनागरीसाठी झीलाटेक ही लाटेकची आवृत्ती वापरत असाल, तर तसे आज्ञेत स्पष्ट सांगावे लागते. ते न सांगितल्यामुळे माझी एक संपूर्ण संध्याकाळ वाया गेली, आणि दोष सर्वस्वी माझाच होता. स्वरांखालच्या गीताच्या ओळीत जोडाक्षरे नीट जुळतात. अक्षरांमधल्या आडव्या रेघा मात्र मराठी डोळ्यांना खटकतात, म्हणून त्या बंद करून मी अवग्रह (ऽ) वापरला.

भातखंडे लिपीची तयार सोय लिलीपाँडमध्ये नाही, त्यामुळे ती मजकुरातच लिहावी लागते. कोमल स्वराखालची रेघ वर्ड प्रोसेसरच्या अधोरेखनाने काढली, तर ती केवळ सजावट असते आणि फाइलचे रूपांतर करताना गळू शकते. मग भैरवातला कोमल रिषभ शुद्ध होऊन बसतो! युनिकोड या संगणकीय अक्षरसंचातली वैदिक स्वरचिन्हे येथे कामी येतात : अनुदात्ताच्या चिन्हाने (अक्षराखालची आडवी रेघ) कोमल रे॒ आणि ध॒, तर वरच्या उभ्या रेघेने यमनातला तीव्र म॑. ही चिन्हे अक्षराला चिकटून राहतात. फक्त ती व्यवस्थित दाखवणारा फाँट निवडून पुस्तकातच अंतर्भूत करावा. मात्रांसाठी तक्ता करून समेला (तालाची पहिली मात्रा) × आणि ‘खाली’ला (टाळी न देण्याची मात्रा) ० लिहिले, की ताल वाचता येतो.

पीडीएफबद्दल माझी तक्रार नाही. ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात मात्र अक्षरांचा आकार वाचक बदलतो, मजकूर नव्याने वाहतो, आणि चित्ररूपातली नोटेशनची ओळ त्याच्याबरोबर वाहत नाही. संगणकावर सुबक दिसणारी चार बारांची (उभ्या रेघांनी पाडलेल्या भागांची) ओळ मोबाइलवर मुंग्यांची रांग होते. शिवाय पडदा-वाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला चित्रातले स्वर ऐकूच येत नाहीत. त्याच्यासाठी प्रत्येक चित्राला सारेगममध्ये पर्यायी मजकूर द्यावा लागतो, आणि ते काम हातानेच करायचे असते. त्यामुळे पीडीएफ विद्यार्थ्यांच्या हाती दिली असून, ईपबसाठी प्रत्येक ओळ दोन-दोन बारांत तोडून मी पुन्हा बांधतो आहे.