दिवसाला तीन फायरबॉल: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकबद्दल

परभणीत रविवारी दुपारी मेडिकलचं शटर अर्धं ओढलं की मागं सलाइनच्या खोक्यांवर फळी टाकून आमचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो: एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन फासे टाकत खेळायचं. दीड वर्ष झालं. डाव मी चालवतो, म्हणून तक्रारी पण माझ्याकडंच. आणि तक्रार एकच: "मामा, विझार्ड (जादूगार) लई माजलाय."

माजणारच. पाचव्या लेव्हलला त्याला फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळतो. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ चा मार, तोही वीस फुटांच्या आत सापडेल त्या प्रत्येकाला. चपळाईचा फासा चांगला पडला तर निम्मा वाचतो. त्याच लेव्हलला फायटरला, म्हणजे हत्यारानं लढणाऱ्याला काय? एकाच्या जागी दोन वार. भाचा फायटर खेळतो. पहिला फायरबॉल पडला तसा तो फासे ठेवून सरळ चहा सांगायला उठून गेला.

पण चूक पुस्तकाची कमी, आमची जास्त. त्या मंत्राचे स्लॉट, म्हणजे तो टाकायच्या संध्या, दोनच. तासभर टेकलं तर दिवसातून एकदा एखादा परत येतो, बाकीच्यांना आठ तासांची झोप लागते. फायटरचा दम मात्र तासाभरात भरतो. खेळाचा हिशोब धरलाय दिवसाला सहा ते आठ चकमकींचा, आणि आम्ही एक झाली की पथाऱ्या पसरायचो! मग कंजुषी कोण करील? आता मी चार चकमकींच्या आत मुक्काम पडू देत नाही. मागच्या रविवारी लेण्यात तिसरी चकमक लागली, विझार्डकडं शेवटचा स्लॉट. पाच मिनिटं नुसता दाढी खाजवत बसला. तेवढ्यात भाच्यानं दोन वारांत दोन आडवे केले.

एका वेळी एकच मंत्र धरून ठेवायचा, मार बसला तर तो सुटू शकतो, हा नियम मला सगळ्यात आवडतो.

गूढविद्येत मात्र पुस्तक कोरडं. मंकची, म्हणजे हातापायांनी लढणाऱ्या साधूची, सगळी साधना म्हणजे 'की' (आतली शक्ती) पॉइंट, लेव्हलला एक. ("की वापरू की नको?" ऐकून डोकं फिरतं. २०२४ च्या आवृत्तीत 'फोकस' केलंय, बरं झालं.) आमच्यातल्या एकानं मंकचा नाथपंथी जोगी केलाय. आपल्या गोष्टींत वाघावर बसून आलेले चांगदेवच शेवटी नमतात; सिद्धी मिरवली की साधक अडकतो. इथं शक्ती नुसती वाढतच जाते. म्हणून घरचा नियम काढला: लोकांना दाखवायला सिद्धी वापरली तर मोठ्या झोपेपर्यंत एक पॉइंट बाद.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या जोग्यापायी कापला.

परवा त्यानं भर बाजारात सावकाराच्या गुंडाला एका फटक्यात जाम केलं. पोरीला वाचवायला, का मिरवायला? पाऊण तास भांडलो. बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवायलं होतं.