फाइली तशाच टाकाव्यात, की रीतसर डीव्हीडी बनवावी?

कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचं, शूटिंग पारोळ्याला मावशीकडे पाठवायचं होतं. तिच्याकडे जुना डीव्हीडी प्लेअर. मोबाइलवरच्या फाइली डेटा डिस्क म्हणून टाकायच्या, की मेनूवाली व्हिडिओ डीव्हीडी करायची, हा घोळ मीही घातलाय. दोन्ही करून पाहिलं.

डेटा डिस्क सोयीची, यात वाद नाही. फाइली ओढल्या, टाकल्या, दहा-पंधरा मिनिटांत डिस्क हातात. पण जुन्या प्लेअरला डिव्हएक्स, एक्सव्हिड हे जुने व्हिडिओ फॉरमॅट कळतात, मोबाइलचा एच.264 बहुधा नाही. म्हणजे रूपांतर सुटत नाहीच. तेही केलं आणि मावशीचा फोन आला, "भाऊ, आठे नुसत्या चौकटी दिखतस!" फाइलींना मी मराठीत नावं दिली होती, प्लेअरला देवनागरी येत नव्हती. मग नुसते आकडे टाकले. तर 1 नंतर 10 लागलं! रविवारची स्थापना संपते न संपते तोच सोमवारचं विसर्जन. 01, 02 असं लिहायला हवं होतं हे नंतर सुचलं, पण तोवर मन उडालं होतं.

व्हिडिओ डीव्हीडीला वेळ लागतो. माझ्या लॅपटॉपवर दोन तासांच्या शूटिंगला रात्र गेली. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवून ठेवायची आणि वीज टिकेलशी वाटली की बर्न करायची, म्हणजे डिस्कवर उतरवायची. डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मेनूही त्यातच होतो. सुरुवातीलाच पाल ही आपल्याकडची टीव्हीची पद्धत निवडा, 720 बाय 576. चुकून एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत राहिली तर सगळं पुन्हा. एका डिस्कवर दोन तासांच्या वर कोंबू नका, चित्र फाटतं. आरडब्ल्यूच्या, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कच्या, नादी लागू नका, जुन्या लेन्सला ती नीट वाचता येत नाही. साधी डीव्हीडी-आर घ्या, 4एक्स किंवा 8एक्स वेगावर बर्न करा.

मेनूत मोठी चार बटणं ठेवली: स्थापना, आरती, गाणी, विसर्जन. चौकटींचा फोन पुन्हा आला नाही.

तुमचा प्लेअर नवा असेल तर डेटा डिस्क चालूनही जाईल, मी नाही म्हणत नाही. मीही एक करतोच, पण कपाटात ठेवायला. कारण व्हिडिओ डीव्हीडीत मोबाइलच्या चित्राची धार जाते, आणि मूळ फाइली कुठेतरी जपायला हव्यात.