युरोपियन युनियन ट्रेडमार्क, वापरानंतर: ८५० युरो रास्त, पण ‘दुसरी भाषा’ जपून भरा

स्पेनमधल्या आलिकान्तेच्या ईयूआयपीओकडे (युरोपियन युनियनचं बौद्धिक संपदा कार्यालय) एक अर्ज, सत्तावीस देशांत ट्रेडमार्क, दहा वर्षं. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे थेट पैशांवर येऊ. ऑनलाइन अर्जाला पहिल्या क्लासचे (मालाच्या किंवा सेवेच्या वर्गाचे) ८५०, दुसऱ्याचे ५०, तिसऱ्यापासून प्रत्येकी १५० युरो. मसाले क्लास ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, म्हणजे ९०० त काम होतं. ‘असू दे’ म्हणून ३५ (जाहिरात, विक्री वगैरे सेवा) जोडलात की १५० गेले. वर पाच वर्षांत वापर दाखवता आला नाही, तर तेवढा भाग रद्द करा म्हणून कुणीही मागे लागू शकतो.

आता तो ‘दुसरी भाषा’चा रकाना. बहुतेक जण पहिली भाषा इंग्रजी भरतात आणि दुसरीला हाताला लागेल ती, समजा स्पॅनिश. फॉर्म काही बोलत नाही. ऑपोझिशन करणारा, म्हणजे तुमच्या अर्जाला हरकत घेणारा, मात्र या दोहोंतली आपल्या सोयीची उचलतो. मग अख्खं प्रकरण स्पॅनिशमध्ये चालतं आणि भाषांतराचं मीटर तुमच्या खिशात पळतं. ९०० युरोंच्या अर्जाची ही अवस्था एका ड्रॉपडाउनमुळे!

तोडगा सोपा आहे. पहिली भाषा ऑफिसच्या पाच भाषांबाहेरची घ्या, उदाहरणार्थ डच, आणि दुसरी इंग्रजी. ऑपोझिशन इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश यांतच दाखल होतं, त्यामुळे गाडी इंग्रजीवरच येते. मालाची यादी हार्मनाइज्ड डेटाबेसमधून (ऑफिसने आधीच मान्य केलेले शब्द) निवडली की डच मजकूर तयार मिळतो आणि फी लगेच भरली तर फास्ट ट्रॅकही, म्हणजे अर्ज लवकर पुढे सरकतो. पत्रव्यवहार दुसऱ्या भाषेत हवा, ही खूण विसरू नका. भारतातून माद्रिदमार्गे (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) गेलात तर पहिली भाषा इंग्रजीच राहते, ही पळवाट तिथे नाही.

ऑपोझिशन येईपर्यंत चार तारे द्यावेसे वाटतात, आल्यावर दोन. कारण दुसऱ्यांच्या जुन्या, मिळत्याजुळत्या मार्कांवरून ऑफिस स्वतःहून अर्ज नाकारत नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर तीन महिने मालकांनीच हरकत घ्यायची. माल्टामधला एक जुना राष्ट्रीय मार्क सत्तावीसही देशांतला अर्ज पाडू शकतो. उरलेल्या देशांत कन्व्हर्जन (त्याच अर्जाचं राष्ट्रीय अर्जांत रूपांतर) होतं, पण २०० युरो, तीन महिन्यांची मुदत, आणि पुढे प्रत्येक देशाची फी नि एजंट वेगळा. काटकसर तिथेच संपली. म्हणून टीएमव्ह्यू या ट्रेडमार्क शोधायच्या साइटवर (फुकट आहे) राष्ट्रीय रजिस्टरंही चाळा.

तरी कूलिंग-ऑफमुळे, म्हणजे लढाईआधी तडजोडीला मिळणाऱ्या मुदतीमुळे, मत पुन्हा साडेतीनवर आलं. दोन महिने, दोघांनी मागितले तर एकूण चोवीस. ‘लोणची’ची ‘आंब्याची लोणची’ करून बरेच वाद मिटतात. क्रम मात्र पाळा: आधी तुम्ही यादी कमी करायची, मग समोरच्याने ऑपोझिशन मागे घ्यायचं. असं कूलिंग-ऑफमध्येच झालं तर त्याला ३२० युरो फी परत मिळते, आणि घासाघीस करताना हे हत्यार कामाला येतं. लढून हरलात तर ती ३२० आणि वकिलाचे ठरलेले ३०० तुम्हीच द्यायचे. अर्ज भारतातून स्वतः करता येतो. त्यापुढच्या प्रत्येक पावलाला तिकडचा प्रतिनिधी सक्तीचा.

प्रसिद्धीनंतर सरकारी थाटाची बिलं टपालाने येतात. भरू नका, ऑफिस अशी बिलं पाठवत नाही.

आणि ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून यात नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे कधीच नव्हते. तुमचा माल ब्रिटनमधल्या साउथॉल आणि लेस्टरच्या दुकानांत खपत असेल तर आधी तिकडचा अर्ज करा. भारतातल्या पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांत केलात तर तारीखही भारतातलीच धरली जाते.