ट्रॅव्हलर की जुनी स्कूल बस: घरच्यांच्या हातांनी फिरतं घर बांधताना

फिरतं घर बांधायचं मनात आलं की माणूस शेवटी दोन गाड्यांपाशी अडतो: जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, नाहीतर शाळेच्या ताफ्यातून निघालेली सातेक मीटरची बस. सगळं काम सुतार आणि फॅब्रिकेटरवर सोपवणार असाल तर ट्रॅव्हलर खुशाल घ्या. भाऊ, मेहुणा, आई, पोरं असे घरचेच हात कामाला असतील तर मात्र हिशोब बदलतो, आणि तिथे माझा कल थोडा बसकडे आहे.

रस्त्यावर ट्रॅव्हलर उजवी, यात वाद नाही. घाटात ती सहज वळते, कोकणातल्या गावरस्त्यावर फणसाच्या फांद्या आणि लोंबणाऱ्या तारा तिला कमी आडव्या येतात, सोसायटीत ती उभी करता येते. बसला डिझेल जास्त लागतं. लिटरमागे तीन-चार किलोमीटरचा फरक धरून चाला. शिवाय बस आदळते. तिचे कमानपाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) २६ माणसांच्या, म्हणजे साधारण १,७०० किलोंच्या हिशोबाने घातलेले असतात आणि पाण्यासकट आपलं घर हजार-अकराशे किलोंत बसतं. पाटा काढून गाडी मऊ करून देतो असं काही गॅरेजवाले सांगतात. ते करू नका, वळणावर गाडी जास्त कलते.

घर बांधायला आत शिरलं की पारडं फिरतं. ट्रॅव्हलरच्या भिंतीत कुठेही काटकोन नाही. खिडकीखाली पत्रा बाहेर फुगतो आणि वर छताकडे आत येतो. ओळंबा सोडला तर सहज चार-पाच बोटांचा फरक दिसतो. त्यात जागोजागी गोलाई थोडी वेगळी. कपाटाची एक बाजू कापायची तर आधी पुठ्ठा धरायचा, कंपासचं टोक पत्र्यावरून फिरवत पेन्सिलीने रेघ उतरवायची, कापायचं, लावून बघायचं, कानस मारायची, पुन्हा लावायचं. सवयीचा सुतार हे अर्ध्या तासात करतो. घरच्या माणसाची एका फळीत दुपार जाते आणि तरी वर बोटभर फट राहते. ती नुसती दिसायला वाईट नसते. गाडी हलली की फळी तिथेच पत्र्यावर घासते, कुरकुरते आणि स्क्रू सैल होत जातात. आतल्या कामाला अशा तीस-पस्तीस फळ्या लागतात, म्हणजे हा एकच त्रास तितक्या वेळा. माझा कौल ठरला तो एवढ्या एका गोष्टीने.

बसची बॉडी चौकोनी पाइपांवर पत्रा मारून बांधलेली असते. जमिनीपासून खिडकीपर्यंत भिंत जवळपास सरळ, काटकोन बघायचा गुण्या लावला की लागतो. आठ बाय चारची शीट प्लायवुडच्या दुकानातच सरळ मापात कापून आणता येते. घरी उरतं भोकं पाडणं, कडा घासणं आणि पाइपाच्या रेषेत स्क्रू मारणं. हे काम पहिल्यांदाच हातात ड्रिल घेणाऱ्यालाही जमतं. रुंदीही कामी येते. बसमध्ये सहा फुटी माणूस आडवा झोपू शकतो, त्यामुळे पलंगात लांबीचे जेमतेम साडेचार फूट जातात. ट्रॅव्हलरमध्ये भिंतीला इन्सुलेशन लावल्यावर साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसाला गाडीच्या लांबीतच झोपावं लागतं, आणि तिथे स्वयंपाकाच्या ओट्याची जागा गेली.

बसचा खरा शत्रू पाणी. घेण्यापूर्वी पायऱ्यांचा खड्डा, मागच्या चाकांच्या कमानी आणि खिडक्यांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला तर सौदा सोडा. सीट काढायला दोघं लागतात, एक वर आणि एक गाडीखाली, दोन्हीकडे पाना. आदल्या रात्री बोल्टला गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, तरीही फिरला नाही तर ग्राइंडरने डोकं उडवा. जुना प्लाय पूर्ण उचला. त्याच्यावरच नवीन टाकला तर ओल आत कोंडते आणि खालचा पत्रा वर्ष-दोन वर्षांत कुजतो. ताराच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात द्या, भोकं पीयू सीलंटने (पॉलियुरेथेनची लवचीक लांबी) बुजवा, मग २५ मिमी एक्सपीएस (कडक फोमची इन्सुलेशन शीट) आणि त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा, १२ मिमी मरीन प्लाय. जमीन आणि छत मिळून सात सेंटीमीटर उंची जाते, ती घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या मापाने तपासून घ्या.

सरकत्या खिडक्यांच्या खालच्या चॅनेलमधली पाणी जायची भोकं धुळीने बुजतात आणि पाणी आत उतरतं. निम्म्याहून जास्त खिडक्या सरळ बंद करा: १.२ मिमी जीआय (जस्त चढवलेला) पत्रा, दर ४०-५० मिमीवर रिव्हेट, मध्ये पीयू सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही. मग इन्सुलेशन लावण्याआधी एकाने बाहेरून पाइपने वीस मिनिटं पाणी मारावं आणि पोरांना आत खडू देऊन बसवावं. थेंब दिसला की तिथे गोल. हे काम मुलं मोठ्यांपेक्षा नीट करतात, त्यांची नजर हटत नाही. बंद भिंतीमागे महिनाभर मुरणारी गळती अशी एका सकाळीत सापडते.

विजेत फार फरक नाही, पण बॅटऱ्या आधी बघा. १२ व्होल्टच्या दोन एकसर जोडलेल्या असतील तर गाडी २४ व्होल्टची. घराची बॅटरीही २४ ची घेतली तर १,५०० वॉटची इंडक्शन चालवताना सुमारे ७० अँपिअर ओढले जातात, १२ व्होल्टवर तेच १४० च्या घरात जातात आणि केबल बरीच जाड लागते. मुख्य फ्यूज बॅटरीला लागूनच हवा.

कागदांचं काम पहिला बोल्ट सोडण्याआधी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाला परवानगी लागते. पिवळी पाटी जाऊन पांढरी येणं, आसनसंख्या आणि रंग या सगळ्याची नोंद आरसीवर व्हायला हवी. नोंदणी रद्द झालेली बस भंगाराच्या भावात मिळाली तरी घेऊ नका. एकूण भारासकट वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर घरात ज्यांच्याकडे एलएमव्ही (हलक्या वाहनाचा) परवाना आहे त्या सगळ्यांना ती चालवता येते.

जागा सोसायटीतलीच असेल, किंवा गाडी मुख्यतः दोघांसाठी असेल, तर ट्रॅव्हलर घ्या. फक्त गोलाईच्या फळ्यांपुरते सुताराचे काही दिवस खर्चात धरा आणि घरच्यांना वायरिंग, रंग आणि गाद्यांच्या कामाला लावा.