बेळगावात बसून जर्मन लोकांना इंग्लिश शिकवणं : साईटचा आणि कामाचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. जे कापलेत ते साईटचे कापलेत, स्टुडंटना माझ्याकडून पाचच्या पाच. साईटचं नाव लिहीत नाही, अशा साईटी सगळ्या थोड्याफार सारख्याच चालतात आणि मला मेन सांगायचंय ते शिकणाऱ्यांबद्दल. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे कितीतरी इंग्लिशचे सर-मॅडम ट्यूशनवर घर चालवायलेत, त्यातले बरेच जण विचारायलेत की हे ऑनलाईन शिकवायचं खरं असतंय काय, पैसे हातात पडतात काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पैसे पडतात, पण सुरवातीला हात आखडून. नवीन स्टुडंटचा पहिला तास म्हणजे ट्रायल, त्याचे सगळे पैसे कंपनी ठेवते, त्यानंतर प्रत्येक तासावर कमिशन, तुमचे तास वाढतील तसं ते कमी होत जातं. पहिले काही महिने रेट खाली ठेवावाच लागतो नाहीतर कोण येत नाही. टिकला तर मात्र इथल्या ट्यूशनपेक्षा बरं मिळतं हे मी खात्रीनं सांगते.

राग येण्यासारखं एक झालं ते सांगते. तास चालू असताना आमच्या गल्लीत लाईट गेली, इन्व्हर्टर होता पण नेटचा डबा दुसऱ्या लाईनवर होता, तो बंद. परत आत येईपर्यंत साईटनं मला गैरहजर लावलं, रेटिंग पडलं. तक्रार केली तर समोर माणूसच नाही, मशीनची ठरलेली उत्तरं. त्या स्टुडंटनं स्वतः लिहून दिलं की मॅडमची चूक नाही तरी काय फरक पडला नाही. राऊटरला वेगळा छोटा यूपीएस घ्या, त्याशिवाय सुरूच करू नका. दुसरं म्हणजे तिथं 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असा फिल्टर आहे, तो लावला की तुमचा आमचा फोटोच दिसत नाही, मग तुम्ही वीस वर्षं शिकवलेलं असू दे. हे मला अजून पटत नाही आणि पटणारही नाही.

पण जे येतात ते आपल्याला बघून, निवडून येतात. माझ्याकडं श्टुटगार्टकडचे एक इंजिनियर आहेत, त्यांचे रोज बेंगळुरूच्या टीमशी कॉल असतात, त्यांना भारतीय बोलणं कानाला सवयीचं करून घ्यायचंय म्हणून मुद्दाम भारतीय टीचर शोधला. त्यांचं शाळा, कॉलेज, सगळं इंजिनियरिंग जर्मनमधून झालंय. इंग्लिश मीटिंगपुरतं. 'माझं इंग्लिश खराब आहे' हे ते जसं आपण 'मला पोहता येत नाही' म्हणतो तसं सांगतात, मान खाली नाही, आवाज खाली नाही. आणि मग प्रत्येक नियमाला 'का?' विचारतात, दुसऱ्या तासालाच ते उत्तर तपासून परत येतात, त्यामुळं मला तयारी करून बसावं लागतं.

आपल्याकडं बघा ना, मराठी शाळा की कन्नड शाळा हा वाद घराघरात, आणि शेवटी पोराला टाकतात इंग्लिश मीडियमला. मग ज्याला इंग्लिश येत नाही तो मूर्ख असं पोरं स्वतःच धरून चालतात, दहावीला पंचाऐंशी टक्के घेतलेली मुलगी इंग्लिशमध्ये एक वाक्य बोलायला रडकुंडीला येते. जर्मन मुलांत मला हे दिसलं नाही. तिकडं बहुतेक राज्यांत इंग्लिश तिसरीपासून आहे, आणि वर्गात तोंड उघडून बोलण्याला मार्कात मोठा वाटा असतो, त्यामुळं चुकलं तरी बोलायचं ही सवय लहानपणापासून. (त्यांच्यात 1 म्हणजे सगळ्यात चांगला आणि 6 म्हणजे सगळ्यात वाईट, पोरगं 'मला दोन पडले' म्हणून खुश असेल तर घाबरू नका.) आताची पोरं गेम आणि यूट्यूबवरून इतकं फाडफाड बोलतात की मलाच सावकाश बोल म्हणावं लागतं, स्पेलिंग मात्र देवाच्या हवाली. मोठ्यांचं तसं नाही, टीव्हीवर, थिएटरात बहुतेक सगळे इंग्लिश पिक्चर जर्मनमध्ये डब करून दाखवतात, कान तयारच झालेला नसतो.

आणि लाजणारी माणसंही आहेत. लाइपझिगच्या एक आजी आहेत, पूर्व जर्मनीत शाळा झाली, तिथं पाचवीपासून रशियन सक्तीचं, इंग्लिश नंतर आणि तेही ऐच्छिक. मुलगी आयर्लंडला, नातवंडांशी बोलायचंय. तास संपला की वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरून माझ्याकडून तपासून घेतात, चूक दिसली की खोडत नाहीत, खाली लाल पेनानं बरोबर वाक्य लिहितात. त्या वहीसाठी मी साईटवर टिकून आहे असं म्हटलं तरी चालेल.

मराठी माणसाला एक फायदा मिळतो तो सांगते. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' ही चूक जर्मन माणूसही करतो आणि आपणही, कारण दोन्हीकडं 'तीन वर्षांपासून राहतो' असं वर्तमानकाळातच बोलतात. व्ही आणि डब्ल्यूमध्ये तेही अडकतात, आपल्यालाही एकच व. ज्या खड्ड्यातून आपण वर आलोय तो खड्डा आपल्याला बरोबर दाखवता येतो, लंडनच्या मास्तरला तो दिसतच नाही.

सगळ्यात जास्त मन लागलं ते झारब्रुकेनच्या एका आठवीतल्या पोराच्या घरी. हा भाग, म्हणजे झारलँड राज्य, फ्रान्सच्या सीमेवर, दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या ताब्यात, मग 1955 ला मतदान झालं आणि 1 जानेवारी 1957 ला पश्चिम जर्मनीत आला. आपण 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो, दोन महिन्यांचा फरक! त्यांना विचारलं गेलं, आपल्याला नाही, हा फरक माझ्या मनातून जात नाही. तिथल्या राज्य सरकारनं 2014 ला ठरवलंय की 2043 पर्यंत फ्रेंचही रोजच्या व्यवहाराची भाषा करायची. त्यामुळं हे पोरगं आधी फ्रेंच शिकलं, इंग्लिश नंतर. आईला मी विचारलं, शेजारच्यांची भाषा शिकायला लावतात याचा राग येत नाही काय, तर म्हणाल्या, घरात जर्मन पक्की आहे, मग कशाला राग. मी त्यांना इथल्या बोर्डांचं सांगितलं, कन्नड-मराठी पाट्यांचं, त्या बराच वेळ ऐकत बसल्या, तासातली पंधरा मिनिटं गेली तरी पोरगं उठलं नाही.

आता वेळेचं. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. म्हणजे त्यांची संध्याकाळची सहाची बॅच थंडीत आपल्या रात्री साडेदहाला. घरात म्हातारी माणसं, लहान पोरं असतील तर जमणार नाही. त्यांनी शनिवार-रविवार दुपारी दीड ते पाचचे स्लॉट उघडा, तिकडं तेव्हा सकाळ असते आणि नोकरीवाली मोठी माणसं तेव्हाच घेतात.