फी नाही, पत्ता दाखवा: न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत दहा महिने

मागच्या ऑगस्टमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो. लेक चौथीत, धाकटा किंडरगार्टनमध्ये. आता जून संपत आलाय, शाळेचे शेवटचे दोन दिवस उरलेत, आणि "शाळा कशी आहे गं?" असे मेसेज पुन्हा सुरू झालेत, कारण येणारी मंडळी आत्ताच घरं बघतात. प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. टाउनशिपचं नाव मात्र देणार नाही. पोरं अजून तिथंच शिकतायत आणि मुख्याध्यापिका रोज सकाळी गेटवर भेटतात. मिडलसेक्स काउंटी, एडिसनपासून फार लांब नाही, एवढं पुरे.

आधी डिस्ट्रिक्ट म्हणजे काय ते. आपल्याला जिल्हा म्हटलं की कलेक्टर आठवतो. इथं स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे बहुतेक वेळा एका गावाच्या शाळा. न्यू जर्सी अख्खं पुणे जिल्ह्याच्या दीडपट असेल नसेल, त्यात ५६४ गावं-शहरं आणि जवळपास सहाशे स्कूल डिस्ट्रिक्ट. आपल्या अख्ख्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदा ३४. इथं बहुतेक प्रत्येक गावाचं निवडून आलेलं बोर्ड (बिनपगारी), आपला सुपरिंटेंडंट (म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी), आपलं बजेट. त्यामुळे "न्यू जर्सीच्या शाळा चांगल्या" या वाक्याला तसा अर्थ नाही. कुठल्या गावाच्या, आणि गावातल्याही कुठल्या भागाच्या, हे विचारावं लागतं. शेजारच्या एडिसनमध्येच दोन हायस्कूल आहेत, उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स आणि दक्षिणेला एडिसन हाय. घर घेणारे देशी लोक आधी या दोन शाळांच्या हद्दीची रेघ कुठून जाते ते बघतात, स्वयंपाकघर नंतर.

प्रवेश हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा धक्का होता, आणि सुखद. पुण्यात लेकीच्या नर्सरीसाठी आम्ही पाच शाळांचे फॉर्म भरले होते. एका ठिकाणी आम्हा दोघांची मुलाखत झाली, दुसरीकडे "बिल्डिंग फंडा"चा आकडा चिठ्ठीवर लिहून समोर सरकवला. इथं कुणी आमचं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही, की पोरीला रंग ओळखायला लावले नाहीत. भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला, लसींचा कागद. फी शून्य. चौथ्या दिवशी लेक वर्गात.

लसींचं एक लिहून ठेवा. भारतातून आलेल्या मुलांची टीबीची चाचणी मागतात. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची सुईची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. डॉक्टरांना रक्ताची चाचणी करायला सांगा. आम्ही सांगितलं नाही, मग धाकट्याच्या छातीचा एक्स-रे आणि वर एक आठवडा तो घरी. कांजिण्यांच्या लशीची नोंद पण शोधून आणा. पुण्याच्या डॉक्टरांनी ती फाइलच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिली होती.

नोंदणीच्या कागदांत एक साधा फॉर्म असतो: घरात कुठली भाषा बोलता? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच सल्ला आला होता, "इंग्लिश लिहा, नाहीतर पोरीला ईएसएलमध्ये टाकतील." (ईएसएल म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी इंग्लिशचा वेगळा तास.) मी मराठी लिहिलं. नवरा म्हणाला, "कशाला ओढवून घेतेस?" पण जे बोलतो तेच लिहिणार ना! आणि झालंही तसंच. लेकीची चाचणी झाली. वाचनात उत्तम, लिखाणात ठीक, बोलण्यात गप्प. रोज अर्धा तास ईएसएल. पोरगी घरी येऊन रडली. "मी इंग्लिश मीडियमची आहे ना आई, मग?" खरं सांगायचं तर मलाही अपमान वाटला. पुण्यात लाखभर फी भरून हेच?

दहा महिन्यांनंतर सांगते, या शाळेतली सगळ्यात चांगली गोष्ट कुठली असेल तर तो अर्धा तास. पाच मुलं, एक बाई. एक तेलुगू, एक गुजराती, दोन स्पॅनिश बोलणारी आणि ही. वर्गात बाई दर दहा मिनिटांनी म्हणतात, "टर्न अँड टॉक", म्हणजे शेजारच्याकडे वळा आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा. आमच्या लेकीला सांगता सगळं येत होतं, पण आपल्याला काय वाटतं हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. पुण्यात हात वर करायचा तो उत्तर माहीत असेल तरच. ईएसएलच्या बाईंनी व्याकरण फार शिकवलं नाही, तिला बडबड करायला शिकवलं. फेब्रुवारीत तिनं मला "मला पटत नाही, कारण..." असं वाक्य ऐकवलं. बेडटाइमवरून होतं, असो. तर मराठी लिहा, बिनधास्त.

गणिताबद्दल सगळे विचारतात. "तिकडे गणित कच्चं असतं म्हणे." मीही त्याच मताची होते. नोव्हेंबरमध्ये लेकीचा पेपर घरी आला. २४ गुणिले १७. तिनं उभी मांडणी करून ४०८ काढलं होतं, अचूक, आणि चारपैकी दोन गुण. माझा पारा चढला. पेरेंट-टीचर कॉन्फरन्स जवळ आलीच होती (मिळतात पंधरा मिनिटं, प्रश्न लिहून न्या), तिथं पेपर टेबलावर ठेवला. बाई शांतपणे म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे, पण तिला विचारा, दुसऱ्या ओळीत उजवीकडे ती फुली का मारते? घरी येऊन विचारलं. लेक म्हणाली, "मारायची असते. पुण्याच्या मिसनी सांगितलंय."

इथं चौथीत तेच गुणाकार चौकोन आखून करतात. २४ म्हणजे २० आणि ४, १७ म्हणजे १० आणि ७, चौकोनाचे चार तुकडे: २००, १४०, ४०, २८. मग बेरीज. आपली उभी रीत त्यांच्या अभ्यासक्रमात पाचवीत येते. म्हणजे लेक एक वर्ष पुढे होती आणि तरी त्या फुलीच्या अलीकडेच अडकली होती. पाढे मात्र इथं कच्चे राहतात, ते घरीच म्हणून घ्या. आम्ही गाडीत म्हणतो.

आई एप्रिलमध्ये आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती. पहिला प्रश्न, "पट किती?" मी म्हटलं, बावीस. "आणि बाई?" एक, आणि सकाळी मदतीला अर्धवेळ आणखी एक. ती काही बोलली नाही. मग फुलीची गोष्ट सांगितली. म्हणाली, "अगं, सतरातला एक म्हणजे दहा, म्हणून एककाची जागा रिकामी. मी सांगायचे मुलांना. पण ज्या वर्षी पट बावन्नचा होता त्या वर्षी नाही सांगितलं, फुली मारा म्हटलं." त्यानंतर बराच वेळ ती त्या पेपरावरचे चौकोन बघत होती.

आता बस. शाळेला द्यायच्या पाच ताऱ्यांतला माझा एक तारा इथंच गेला. अमेरिका म्हटलं की डोळ्यांसमोर पिवळी बस येते. ती सगळ्यांना नसते. या राज्याचा नियम असा, की आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तरच बस द्यायचं बंधन, हायस्कूलला अडीच मैल. आमचं घर १.८. पैसे भरून सीट मिळते, तीही उरली तर. आम्ही भरले. जानेवारीत एका सकाळी उणे नऊ तापमानात दोन पोरं घेऊन चाळीस मिनिटं उभी राहिले, ॲपमध्ये बस "तीन मिनिटांवर" होती. कंत्राटदाराला फोन, तो म्हणे डिस्ट्रिक्टला विचारा. डिस्ट्रिक्टला फोन, ते म्हणे कंत्राटदाराला. आमचे कर्वेनगरचे व्हॅनकाका आठवले. टायर पंक्चर झालं तर दुसऱ्या व्हॅनकाकांना पाठवून वर फोन करायचे, "ताई, काळजी करू नका, पोरं पोचली." त्या महिन्यात तीनदा असं झालं. मार्चपासून मी कार लाईनमध्ये, म्हणजे पोरांना गाडीनं सोडणाऱ्यांच्या रांगेत असते. पैसे परत मिळाले नाहीत.

डब्याचं थोडक्यात: जेवायला वीस मिनिटं, त्यात रांग, त्यात गप्पा. पोळीची गुंडाळी करून द्या, भाजी आत. कॅन्टीनमध्ये शाकाहारी म्हणजे बहुधा चीज, निरनिराळ्या आकारांत. शेंगदाण्याचं कूट विसरा, वर्गात कुणाला तरी ॲलर्जी असतेच. खिचडी थर्मासमध्ये चालते, आमची तर गाजली.

ज्यांच्या मुलांना बोलण्याची, शिकण्याची काही अडचण आहे त्यांनी हे नीट वाचा. धाकटा "क"ला "त" म्हणायचा. पुण्यात स्पीच थेरपिस्टला दर खेपेला पैसे मोजत होतो. इथं शाळेतच, फुकट, कायद्यानं. १९७५ पासून या देशात कायदा आहे की अपंगत्व असलेल्या मुलाला लागेल ते शिक्षण सरकारी शाळेनं द्यायचं, आणि वाचेची अडचणही त्यात येते. पण मी चूक केली. सप्टेंबरमध्ये बाईंना तोंडी सांगितलं. त्या गोड हसल्या, "लक्ष ठेवते" म्हणाल्या, आणि सहा आठवडे काहीच नाही. कार लाईनमध्ये ओळख झालेल्या एका तमिळ बाईंनी सांगितलं, लेखी द्या. न्यू जर्सीत लेखी अर्ज पोचला की वीस दिवसांत मीटिंग बोलवावी लागते. तुम्ही तपासणीला संमती दिलीत की तपासणी, योजना, थेरपीची सुरुवात, सगळं नव्वद दिवसांत. मी दोन ओळींचा ईमेल केला, सतराव्या दिवशी टेबलाभोवती चार माणसं बसली होती. तोंडी बोलण्याला इथं तारीख नसते. आता तो "काका" म्हणतो, "ताता" नाही. माझ्या दिराला थोडं वाईट वाटलं.

बाकी चिल्लर. ईमेल दिवसाला तीन-चार, त्यातला एक महत्त्वाचा, कुठला ते संध्याकाळी कळतं. पायजमा डे हुकला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शाळा गुरुवार-शुक्रवार बंद असते, कारण राज्यातल्या शिक्षकांचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरतं. त्या वेळी ऑफिसमधून सुट्टी आधीच सांगून ठेवा. दिवाळीची एक दिवस सुट्टी मिळाली, आणि तिच्या आदल्या दिवशी लेकीच्या वर्गात एक आजोबा झब्बा घालून पणत्या रंगवून घ्यायला आले होते. चौथीपासून वाद्य शिकवतात. लेकीनं क्लॅरिनेट घेतलं, महिन्याच्या भाड्यानं. सर्दी झालेली सनई कशी वाजेल तसं आमचं घर रोज सात वाजता वाजतं.

एक गोष्ट कुठल्याच रेटिंगमध्ये येत नाही. या राज्यात शाळांना दर महिन्याला एक आगीचा सराव आणि एक सुरक्षेचा सराव (शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, वगैरे) करावाच लागतो. धाकट्यानं ऑक्टोबरमध्ये जेवताना सांगितलं, "आज आम्ही दिवा बंद करून कोपऱ्यात बसलो. मिस म्हणाल्या, सशासारखं गप्प. मी सगळ्यात गप्प होतो." नवऱ्यानं घास खाली ठेवला. शाळेचं दार बेलशिवाय उघडत नाही, कॅमेऱ्यासमोर लायसन्स धरावं लागतं, हे मला तोवर कटकटीचं वाटायचं.

आता फुकट या शब्दाकडे. फी नाही, पण शाळा चालते मुख्यतः घरपट्टीवर. २०२४ मध्ये न्यू जर्सीत घरपट्टीची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेली, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग शाळांना जातो. भाडेकरूंनी हसू नये, घरमालक ते भाड्यात काढतोच. शाळांसाठीचा कर वर्षाला सरसकट दोन टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, खर्च मात्र त्याहून वाढतो, मग काहीतरी कापलं जातं. मेमध्ये मी पहिल्यांदा बोर्डाच्या बजेटच्या सभेला गेले. आमच्या प्राथमिक शाळांच्या ग्रंथपालांवर नोकरी जायची वेळ आली होती. माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर घड्याळ. एक सातवीतला मुलगा कागद थरथरत धरून बोलला. एक आजोबा म्हणाले, माझी मुलं शिकून पंचवीस वर्षं झाली, मी अजून किती भरू? दोघांनाही टाळ्या पडल्या. दोन ग्रंथपाल वाचल्या, दोन गेल्या. आमची गेली.

पाचपैकी चार. शिक्षिकांना पाच, बसला शून्य, हिशोब तुम्ही लावा.

जुलैअखेर आमचा करार संपतोय. मालकानं भाडं वाढवलंय. अर्ध्या मैलावर, नाल्याच्या पलीकडे, अगदी असंच घर महिना अडीचशे डॉलरनं स्वस्त आहे, खिडकीतून झाडंही जास्त दिसतात. पण नाला ही हद्द आहे. पलीकडे दुसरं गाव, दुसरं बोर्ड, दुसरी शाळा. धाकट्याच्या थेरपीचे कागद तिकडे न्यायचे, लेकीनं पुन्हा नव्या वर्गात गप्प बसायचं. नवऱ्यानं दोन दिवस एक्सेलमध्ये गणित मांडलं. काल आम्ही इथल्याच करारावर सह्या केल्या. आज त्याची प्रत घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले. बाईंनी नाव वाचायच्या आधी पत्ता वाचला, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "सी यू इन सप्टेंबर."